बार्शीच्या नोंदवहीतून

मी बार्शीची. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली आमच्या गावात सुरू झाली, याचा मला अभिमान आहे. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांत कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणं समजावत रुग्ण शोधत राहिले. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक असल्याचं त्या नोंदींतून दिसलं.

“दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग तपासायचं कशाला?” माझी आई विचारायची. पण या रोगाचं मूळ असलेला एचपीव्ही विषाणू गाठीच्या कितीतरी वर्षं आधी शरीरात असतो.

शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. एका गटात गर्भाशयमुखावर पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबत. दोष असला तर तो भाग पांढरा पडे. दुसऱ्या गटात पेशी तपासल्या, तिसऱ्यात विषाणू. चौथ्या गटाची तपासणी झालीच नाही.

2009 साली निष्कर्ष आले. विषाणू एकदाच तपासलेल्या गटात 34 मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात 64. ज्यांच्यात विषाणू नाही त्यांना वर्षानुवर्षं निर्धास्त राहता येतं आणि ज्यांच्यात आहे त्यांच्यावर वेळीच उपचार होतात, हे आमच्या खेड्यांनी जगाला दाखवलं. त्या 64 जणींचं ऋण मोठं आहे. प्रत्येक तालुक्यात ही तपासणी पोचवणं, हीच त्याची फेड.