पदार्थ आपला, आचारी परका

घराजवळ चांगलं जेवण मिळावं आणि ते गरमागरम दारात यावं, ही सोय मोबाईलने आणली असं आपल्याला वाटतं. कोरियाचा इतिहास पाहिला तर ही हौस बरीच जुनी आहे. 1768 साली ह्वांग युन-सॉक या विद्वानाने सरकारी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सोबत्यांसह दुपारी नेंगम्यॉन, म्हणजे थंड रश्शातल्या शेवया, मागवल्या. ही नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. बाहेरून जेवण मागवल्याचा कोरियातला सर्वांत जुना दाखला म्हणून ती सांगितली जाते.

सोलजवळच्या नामहानसानसॉंग किल्ल्याच्या परिसरात कोबी, मोड आलेले सोयाबीन, अळिंबी आणि गोमांसाच्या बरगड्या दिवसभर शिजवून एक सार करत. रात्री मडकं गोधडीत गुंडाळून निघायचं आणि पहाटेच्या घंटेला सोलच्या अमीर-उमरावांच्या दारी पोहोचायचं. त्याचं नावच 'पहाटेच्या घंटेचं सार'.

हे वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न येतो. अन्न दारात आलं, पण ते रांधणाऱ्याला गावाने दारात घेतलं का?

कोरियाच्या जुन्या साहित्यात एक मुसलमान दुकानदार भेटतो. गोर्यो घराण्याचा राजा चुंगन्योल (1274 ते 1308) याच्या काळातल्या एका गीतात एक बाई सारण भरलेले, मोमोच्या जातीचे पदार्थ घ्यायला त्याच्या दुकानात जाते. गीतातलं त्याचं चित्र काही चांगलं नाही, तो तिचा हात धरतो. पण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की मध्य आशियातून आलेला मुसलमान तिथे खाद्यपदार्थ विकत होता आणि लोक ते घेत होते. पुढे 1427 मध्ये राजा सेजोंगच्या दरबारात विषय निघाला, की या लोकांचा पोशाख वेगळा असल्याने स्थानिक लोक त्यांच्याशी सोयरीक करायला बिचकतात. हुकूम निघाला, की त्यांनी कोरियन पोशाख घालावा. दरबारातला त्यांचा प्रार्थनाविधीही बंद झाला. हळूहळू ही वस्ती बाकीच्यांत विरून गेली. याच सेजोंगने 1446 मध्ये आपल्या प्रजेला स्वतःची लिपी दिली. भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे दोन्ही एका राजाच्या नावावर वाचताना थबकायला होतं.

दुसरी गोष्ट चिन्यांची. 1883 मध्ये इंचॉन बंदर खुलं झालं आणि समोरच्या शांतुंग प्रांतातून व्यापारी, हमाल, आचारी आले. त्यांच्या साध्या शेवया आणि सोयाबीनचा आंबवलेला काळा मसाला यांतून जाजांगम्यॉन घडलं. युद्धानंतर अमेरिकेचा मदतीचा गहू आला, सरकारनेही मैद्याचे पदार्थ खा म्हणून प्रचार केला, आणि हा स्वस्त पदार्थ घरोघरी गेला. चॉलगाबांग नावाच्या पत्र्याच्या पेटीतून पोऱ्या तो सायकलवर, पुढे मोटारसायकलवर आणायचा. जेवण झालं की रिकामे वाडगे दाराबाहेर ठेवायचे, तोच येऊन घेऊन जायचा. घर बदललं त्या दिवशी जाजांगम्यॉन मागवायचं, हा तिथला रिवाजच झाला.

आणि तो रांधणारा? 1931 मध्ये मांचुरियातल्या एका भांडणाची अतिरंजित बातमी छापून आली आणि कोरियात चिन्यांवर हल्ले झाले. शंभराहून जास्त माणसं मारली गेली. पुढे 1961 च्या कायद्याने परकीयांच्या जमीनखरेदीवर बंधनं आली. नंतर तर एका कुटुंबाला एक घर आणि एक दुकान, तेही ठरावीक मापाचं, एवढीच मुभा उरली. पिढ्या तिथेच जन्मल्या, पण नागरिकत्व नाही. बहुतेकांकडे पासपोर्ट तैवानचा, जिथे ते कधी राहिले नव्हते. अनेकजण देश सोडून गेले. मालक गेले, तवा राहिला. दुकानं कोरियन लोकांनी चालवायला घेतली आणि पदार्थ 'आपला' झाला.

जमिनीची बंधनं 1998 मध्ये उठली. 2002 मध्ये कायम वास्तव्याचा हक्क आला. 2006 च्या स्थानिक निवडणुकीत कायम रहिवासी परकीयांनी पहिल्यांदा मत दिलं. त्यांचा पदार्थ तोवर कितीतरी आधी प्रत्येक घरात पोहोचला होता.

मुसलमानही तिथे पुन्हा आले. सोलच्या इतेवॉन भागात 1976 मध्ये मोठी मशीद उभी राहिली आणि तिच्या आसपास हलाल जेवणाची दुकानं थाटली गेली. घराजवळ कोरियन पार्सल शोधताना आपण हलालबद्दल विचारतोच, आणि विचारायलाच हवं, कारण जाजांगम्यॉनमध्ये सहसा डुकराचं मांस असतं. त्याबरोबर एक सवाल स्वतःलाही करावा. ज्याच्या हातचं खातो, तो आपल्या गल्लीत घर भाड्याने मागायला आला तर आपण काय म्हणू? हा सवाल ज्यांना स्वतःला घर नाकारलं गेलं आहे, त्यांनी तर जरूर करावा.