गुणांचा तराजू

परदेशीं कायमचें वास्तव्य करण्याचा परवाना मागणें ही गोष्ट आतां आपल्या सुशिक्षित कुटुंबांत नवलाची राहिली नाहीं. मुलगा अभियंता झाला, मुलगी संगणकशास्त्राची पदवी घेऊन चार वर्षें नोकरींत मुरली, कीं घरांत वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांच्या गुणांची बेरीज सुरू होते. पत्रिकेंतील छत्तीस गुण जुळवून पाहण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची संवय. तेव्हां गुणमेलनाची ही नवी रीतही लवकरच आपल्या अंगवळणीं पडली. परंतु ज्या तराजूंत आपण आपलीं मुलें बसवितों, तो कोणीं व कां घडविला, आणि तो येण्यापूर्वीं त्या दाराशीं काय घडत होतें, याचा विचार आपण क्वचितच करतों. या बाबतींत कॅनडाचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. कारण परकीयास गुण देऊन निवडण्याची पद्धत प्रथम त्याच देशानें सुरू केली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं, १९०४ ते १९०८ या काळांत, सुमारें पांच हजार हिंदी माणसें कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत उतरलीं. त्यांत बहुतेक पंजाबांतील शीख शेतकरी आणि लष्करांतून निवृत्त झालेले शिपाई. लांकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या रुळांवर, जंगलतोडींत त्यांनीं काम धरलें. आपण एकाच सम्राटाचे प्रजाजन आहों, तेव्हां साम्राज्यांत कोठेंही जाऊन घाम गाळण्याचा आपल्याला हक्क आहे, अशी त्यांची भाबडी समजूत होती. ती फार दिवस टिकली नाहीं. १९०७ मध्यें त्या प्रांतानें त्यांचा मताधिकार काढून घेतला. आणि मतदारांच्या यादींत नांव नसल्यामुळें वकिली, औषधिविक्री यांसारखे व्यवसायही त्यांना बंद झाले. पुढल्याच वर्षीं सरकारनें नियम केला कीं, येणारानें आपल्या जन्माच्या वा नागरिकत्वाच्या देशांतून निघून, तेथेंच घेतलेल्या तिकिटावर, वाटेंत खंड न पडतां आलें पाहिजे. या नियमांत हिंदुस्थानचें नांव नाहीं, वर्णाचा उल्लेख नाहीं. परंतु हिंदुस्थानांतून कॅनडापर्यंत असा अखंड प्रवास करण्याची सोयच नव्हती! शिवाय आशियांतील माणसाजवळ दोनशें डॉलर असलेच पाहिजेत, अशी अट त्याच वर्षीं आली. कायद्याची भाषा निर्मळ आणि हेतु मात्र मलिन, याचें याहून चांगलें उदाहरण शोधून सांपडणें कठीण.

या नियमाला आव्हान देण्यासाठीं गुरदित सिंग यांनीं ‘कोमागाता मारू’ नांवाचें जपानी जहाज भाड्यानें घेतलें. हाँगकाँग, शांघाय, योकोहामा करीत ३७६ उतारू घेऊन तें २३ मे १९१४ रोजीं व्हँकूव्हरच्या बंदरांत आलें. पूर्वींचे रहिवासी वगैरे थोडक्या लोकांना उतरूं दिलें. बाकीच्यांना दोन महिने किनारा नुसता डोळ्यांनीं पाहावा लागला. अन्नपाण्याचे हाल झाले. अखेर ‘रेनबो’ या युद्धनौकेच्या पहाऱ्यांत २३ जुलैला जहाज परत फिरविण्यांत आलें. सप्टेंबरांत तें कलकत्त्याजवळ बजबज येथें पोहोंचलें, तेव्हां उतारूंना सक्तीनें पंजाबांत पाठविण्याच्या प्रयत्नांतून दंगल उसळली, गोळीबार झाला आणि सुमारें वीस उतारू प्राणास मुकले. दार ठोठावण्याची एवढी किंमत त्यांनीं दिली. कॅनडाच्या संसदेंत पंतप्रधानांनीं या कृत्याबद्दल क्षमा मागितली ती १८ मे २०१६ रोजीं, म्हणजे १०२ वर्षांनीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारें फिरलें. १९४७ मध्यें तेथील हिंदी लोकांना मताधिकार परत मिळाला. १९५१ पासून हिंदुस्थानांतून वर्षाला १५० माणसें घेण्याचें ठरलें. १९५७ मध्यें तो आंकडा ३०० झाला. चाळीस कोटींच्या देशाला तीनशें! परंतु ज्या दाराला पूर्वीं फटही नव्हती, त्याला आतां फट पडली. वर्णभेदाचा मूळ नियम निघाला तो १९६२ मध्यें, एलन फेअरक्लाफ या बाईंच्या मंत्रिपदाच्या कारकीर्दींत. कॅनडाच्या मध्यवर्ती मंत्रिमंडळांत बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हा पालट केवळ उपरतीनें झाला असें मात्र समजूं नये. युरोप युद्धाच्या राखेंतून सांवरल्यामुळें तेथील कुशल कारागीर पूर्वींसारखा मिळेना. कॅनडाच्या कारखान्यांना, इस्पितळांना आणि विद्यापीठांना तर माणसें हवीं होतीं. आणि राष्ट्रकुलांत नव्या स्वतंत्र देशांच्या मांडीला मांडी लावून बसतांना वर्णभेद उघड उघड मिरविणें अवघड झालें होतें. न्यायबुद्धि आणि गरज या दोघींनीं मिळून दार ढकललें. त्यांत अधिक जोर कोणाचा, हें ठरविणें सोपें नाहीं.

मग १ ऑक्टोबर १९६७ रोजीं तराजू आला. एकूण गुण १००, आणि ५० मिळाले कीं सामान्यतः प्रवेश. शिक्षणाला २०, म्हणजे पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षाला एक, धंद्याच्या मागणीला १५, कौशल्याला १०, वयाला १०, पण पस्तिशीनंतर दरसाल एक वजा, इंग्रजी व फ्रेंच मिळून १०, आधींच ठरलेल्या नोकरीला १०, तेथें नातलग असल्यास ५, इच्छित स्थळीं काम मिळण्याजोगें असल्यास ५, आणि उरलेले १५ अधिकाऱ्यानें समक्ष बोलून, अर्जदाराची उमेद व जुळवून घेण्याची शक्ति पारखून द्यावयाचे. जातीला, धर्माला, वर्णाला एकही गुण नाहीं! ‘तूं कोठला?’ हा प्रश्न मागें पडून ‘तुला काय येतें?’ हा प्रश्न पुढें आला. इतिहासांत ही लहान क्रांति नव्हे.

आतां या तराजूंत दोन माणसें घालून पाहूं. पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांतून निघालेला पंचविशींतला अभियंता : शिक्षणाचे सोळा, वयाचे दहा, इंग्रजीचे पांच, असे तीस-एकतीस गुण त्यानें मुलाखतीपूर्वींच खिशांत टाकले. आणि ‘कोमागाता मारू’वरचा चाळिशींतला शेतकरी : शाळा पाहिलेली नाहीं, इंग्रजी येत नाहीं, वय सरत चाललेलें. तो १९६७ मध्यें पुन्हा येता, तर बहुधा याही दारांतून परत गेला असता; फरक एवढाच कीं, वर्णाच्या ऐवजीं गुण कमी पडल्याचें कारण त्याला सांगितलें असतें. नातलगांच्या आधारानें येण्याची वाट पंजाबी कुटुंबांना मोकळी राहिली, हें खरें. पण तराजूचें पारडें झुकलें तें आपल्यासारख्या पदवीधर वर्गाकडे. दार ठोठावलें एकानें आणि उघडल्यावर आंत गेला दुसरा, असा हा इतिहास आहे.

तराजूही स्थिर राहिला नाहीं. अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोंपविलेले गुण २००२ च्या नव्या व्यवस्थेंत गेले. त्यांबरोबर पक्षपाताची भीति गेली, तशी माणसानें माणसाला पाहून दाखवावयाची सवलतही गेली. २०१२ मध्यें एका कायद्यानें, चार वर्षांहून अधिक काळ वाट पाहणारे जुने अर्ज एका फटकाऱ्यानें रद्द केले. त्यांत कुटुंबीयांसह सुमारें २ लाख ८० हजार माणसें होतीं. शुल्क परत मिळालें. वर्षें परत मिळालीं नाहींत. १ जानेवारी २०१५ पासून १२०० गुणांची नवी पद्धत आली. तींत उत्तीर्ण होणें पुरत नाहीं, इतरांच्या पुढें राहावें लागतें. आणि पंचेचाळिशी गांठलेल्या माणसाच्या वयाला शून्य गुण मिळतात. ठरलेल्या नोकरीचे जादा गुणही मार्च २०२५ मध्यें काढून टाकण्यांत आले. पूर्वीं परीक्षा होती, आतां शर्यत झाली.

मराठींत ‘गुण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : परीक्षेंतील आंकडा आणि माणसाचें सत्त्व. तराजू मोजतो तो पहिला. दुसऱ्यावर त्याची सत्ता नाहीं. म्हणून ज्याचा अर्ज फेटाळला गेला त्यानें स्वतःला हीन मानण्याचें कारण नाहीं. एका राष्ट्राची त्या वर्षींची गरज आणि आपण यांचा मेळ बसला नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. आणि ज्याला प्रवेश मिळाला त्यानें तो केवळ आपल्या हुशारीचा विजय समजूं नये. कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेंत, मागील पांच वर्षांत आलेल्या नवागतांपैकीं १८.६ टक्के भारतांत जन्मलेले होते. इतर कोणत्याही देशाचा वाटा एवढा नव्हता. ज्या किनाऱ्यावरून एक जहाज परत पाठविलें, त्याच किनाऱ्यावर आज आपलीं मुलें घरें बांधीत आहेत. त्यांच्या अर्जांत त्या जहाजावरील माणसांसाठीं रकाना नसतो. तो त्यांच्या स्मरणांत असावा, एवढें तरी आपण त्यांना शिकवून पाठवावें.