ट्रायटन : दोन गाड्या मोडून जन्मलेली तिसरी

मूळ रूपातल्या मँक्स नॉर्टन या शर्यतीच्या मोटरसायकलला आज पाना लावायला हात धजावत नाही. १९५०च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये मात्र ती मोडली जायची, आणि तीही मोटारींसाठी! ५०० सीसीच्या फॉर्म्युला थ्री शर्यतींत तिचं इंजिन हवं असे, पण कंपनी नुसतं इंजिन विकत नसे. मग अख्खी गाडी घ्यायची, इंजिन काढायचं आणि उरलेला सांगाडा विकून टाकायचा.

तो सांगाडा म्हणजे रेक्स मॅककँडलेस यांची ‘फेदरबेड’ चेसिस. वळणावर कमालीची स्थिर. हौशी पोरांनी तिच्यात ट्रायम्फचं दोन सिलिंडरचं इंजिन बसवलं, हँडल खाली आणलं, फुटरेस्ट मागे सरकवले. ट्रायम्फ आणि नॉर्टन मिळून ‘ट्रायटन’. लंडनच्या एस कॅफेबाहेर अशा गाड्या मिरवू लागल्या.

जुनी गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी म्हणणाऱ्या ‘ओरिजिनल’वाल्यांची पंचाईत इथेच होते. साठच्या दशकातली ट्रायटन सुटी करून कारखान्यातली नॉर्टन पुन्हा उभी केली, तर तेव्हाच्या कारागिरीचा अस्सल पुरावाच पुसला जातो. ती तशीच राहू द्यावी.

फेदरबेड चेसिससाठी धडधाकट नॉर्टन डॉमिनेटर फोडून आज नवी ट्रायटन बांधणं मात्र निव्वळ उधळपट्टी. फेदरबेडच्या नव्याने घडवलेल्या चौकटी आता विकत मिळतात.