दायमाबादची खापरे व कोरियन भाषेचा तर्क

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबादची पांढरी आहे. साळी यांनी १९७६ ते १९७९ या काळात केलेल्या उत्खननात तेथील उत्तर-हडप्पा थरांतून सिंधुलिपीची चिन्हे असलेल्या दोन मृण्मय मुद्रा व काही खापरे उपलब्ध झाली. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या वसतीच्या भाषेचा एवढाच लेखी अवशेष आज आपल्यापाशी आहे.

ही भाषा द्राविडी मानून तिचे नाते थेट कोरियापर्यंत नेण्याचा मोह अभ्यासकांस होतो. त्यास आधार म्हणून हल्बर्ट या अमेरिकन गृहस्थाचा १९०५ चा ग्रंथ दाखविता येतो. काल्डवेलच्या १८५६ च्या द्राविडी व्याकरणाचा आधार घेऊन त्याने कोरियन व द्राविडी भाषांचे साम्य मांडले. 'मी' या अर्थी कोरियन 'ना' व तमिळ 'नान्', बापास दोहोंकडे 'अप्पा', आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी, अशी ही साम्ये होत. परंतु बाळबोलीतील शब्द परस्परांशी संबंध नसलेल्या भाषांतही जुळतात. आणि क्रियापद शेवटी आले म्हणून नाते ठरत असेल, तर आमची मराठीही कोरियनची बहीण ठरेल! नियमित ध्वनिपरिवर्तन दाखविल्यावाचून असे नाते सिद्ध होत नाही, व ते येथे कोणी सर्वमान्य होईल असे दाखविलेले नाही.

मधला दुवाही कच्चाच आहे. सिंधुलेखांची भाषा द्राविडी असावी, या मताचा पार्पोला व महादेवन् यांनी मोठ्या परिश्रमाने पुरस्कार केला. मत्स्यचिन्ह 'मीन्' असे वाचून त्यातून 'तारा' हा अर्थ काढणे मोहक आहे खरे; पण लेख सरासरी पाच चिन्हांचे, आणि द्वैभाषिक लेख एकही नाही.

पण आम्हांस पहिलाच दुवा अधिक संशयास्पद वाटतो. लिपी आली म्हणजे भाषा आलीच, असे कोठे आहे? याच जिल्ह्यात निजामशाहीच्या अमलात फारसी लेख कोरले गेले. म्हणून प्रवरेकाठचा कुणबी फारसी बोलत होता असे कोणी म्हणणार नाही. दायमाबादेसही चिन्हे व्यापाऱ्यांबरोबर आली असतील आणि बोली निराळीच असेल.

प्रवरेकाठची खुणांकित खापरे ज्यांच्या संग्रही असतील, त्यांनी ती घासून स्वच्छ करू नयेत. गाव, शेत व सापडल्याची खोली टिपून पुरातत्त्व खात्यास कळवावे. स्थळाची नोंद नसलेले खापर या वादात साक्षीस उभे करता येत नाही.