सव्हाना येथील जॉन वेस्ली

थोर पुरुषाचें चरित्र लिहावयास बसलेला लेखक त्या पुरुषाच्या फजितीच्या काळापाशीं आला म्हणजे बहुधा लगबगीनें पाऊल उचलतो. मेथडिस्ट पंथाचा जनक जॉन वेस्ली याच्या पुष्कळ भक्तांनीं हेंच केलें आहे. १७३९ पासून १७९१ सालीं मरण येईपर्यंत इंग्लंडच्या गांवोगांव हिंडून, उघड्या माळावर हजारो मजुरांस उपदेश करणारा वेस्ली सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्याच पंथाचा विल्यम टेलर हा उपदेशक १८७१ सालीं मुंबईस आला, आणि तेव्हांपासून हें नांव आपल्याकडेहि अपरिचित राहिलें नाहीं. परंतु त्यापूर्वीं अमेरिकेंतील जॉर्जिया वसाहतींत बावीस महिने पाळकाचें काम करून, अखेर रात्रीच्या अंधारांत होडींतून निघून गेलेला एक तरुण वेस्ली आहे. आम्हांस तोच अधिक मनोवेधक वाटतो.

त्याचा जन्म १७०३ सालचा, एपवर्थ गांवच्या पाळकाच्या घरांतला. ऑक्सफर्ड येथें लिंकन कॉलेजचा फेलो असतां त्यानें व त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स यानें कांहीं विद्यार्थी जमवून एक मंडळ चालविलें होतें. पहांटे उठावें, बुधवारीं व शुक्रवारीं उपास करावा, तुरुंगांत जाऊन कैद्यांस भेटावें, प्रत्येक तासाचा हिशेब वहींत मांडावा, असा त्यांचा क्रम असे. इतर विद्यार्थी त्यांची टर उडवीत. कर्जबाजारी व निराधार इंग्रजांस आसरा मिळावा म्हणून जनरल ओगल्थॉर्प यानें १७३३ सालीं जॉर्जियाची वसाहत वसविली होती. तिला पाळक हवा होता. १७३५ च्या ऑक्टोबरांत जॉन, चार्ल्स आणि त्यांचे मित्र इंगम व डेलामोट असे चौघे जहाजावर चढले. चौघांतील वडील जो जॉन, तोच केवळ बत्तीस वर्षांचा.

निघण्यापूर्वीं एका पत्रांत त्यानें आपला हेतु स्पष्ट लिहिला आहे. मुख्य हेतु हा कीं, स्वतःच्या आत्म्याचा उद्धार व्हावा. या प्रामाणिकपणाचें कौतुक करावें तेवढें थोडें. तथापि पुढील सर्व अनर्थाचें बीज आम्हांस येथेंच दिसतें. आपल्या मोक्षासाठीं जो मनुष्य लोकांत जातो, त्याला ते लोक साधनासारखे दिसूं लागतात. आणि साधन हातांत नीट बसलें नाहीं म्हणजे राग येतो.

वाटेंत मोठें वादळ झालें. लाट जहाजावर आदळून मुख्य शीड फाटलें व इंग्रज उतारूंनीं आकांत मांडला. पण त्याच जहाजावरील मोरेव्हियन पंथाचे जर्मन स्त्रीपुरुष शांतपणें स्तोत्र गात राहिले. वेस्ली हें पाहून अंतर्मुख झाला. किनाऱ्यास लागल्यावर त्यांचा वडीलधारा स्पँगनबर्ग यानें त्याला सरळ विचारलें कीं, तूं ख्रिस्ताला ओळखतोस काय? वेस्लीनें होकार दिला, आणि आपले ते शब्द पोकळ होते अशी भीति मागाहून रोजनिशींत नमूद केली. ज्याला स्वतःच्या मनाची खात्री नाहीं असा तरुण पुढारी नियमांना घट्ट धरून बसतो. वेस्लीनें तेंच केलें.

सव्हाना येथें जंगल तोडून नुकत्याच उभ्या केलेल्या झोपड्या होत्या. तेथील लोकांस ताप, उपासमार व कर्ज यांतून मान वर काढावयास फुरसत नव्हती. वेस्लीनें त्यांना आद्य ख्रिस्ती मंडळीचे कडक नियम लावले. अर्भकाला बाप्तिस्मा द्यावयाचा तो तीन वेळ पाण्यांत बुडवूनच. एका आईनें हें नाकारलें तेव्हां त्यानेंहि बाप्तिस्मा नाकारला. साल्झबुर्गमधून धर्मछळामुळें परागंदा झालेल्या जर्मन लोकांचा पाळक बोल्झियस हा अत्यंत सात्त्विक पुरुष. परंतु त्याचा बाप्तिस्मा बिशपानें दीक्षा दिलेल्या पाळकाच्या हातून झालेला नव्हता, म्हणून वेस्लीनें त्याला प्रभुभोजनास बसूं दिलें नाहीं. फ्रेडरिका येथील एका गृहस्थानें त्याला तोंडावर सांगितलें कीं, तुमचीं प्रवचनें म्हणजे एकेका माणसाला मारलेले टोमणे होत, आणि तुमचा धर्म कोणता हेंच आम्हांस कळत नाहीं! वेस्लीनें हें बोलणें लिहून ठेवलें खरें. पण त्यावरून वागणुकींत फारसा फरक पडल्याचें दिसत नाहीं. चार्ल्स तर दोन बायकांच्या चहाड्यांत सांपडून ओगल्थॉर्पच्या मर्जींतून उतरला, आजारी पडला आणि १७३६ सालींच माघारी गेला.

यानंतर सोफी हॉप्कीचें प्रकरण. वसाहतीचा मुख्य न्यायाधीश कॉस्टन याच्या बायकोची ही भाची अठरा वर्षांची होती. वेस्ली तिला फ्रेंच शिकवी. तो आजारी असतां तिनें त्याची शुश्रूषा केली. त्याचें मन तिच्यावर जडलें हें त्याच्या रोजनिशीवरून उघड आहे. परंतु इंडियन लोकांत धर्मप्रसार करावयाचा तर लग्न करूं नये, असेंहि त्याला वाटे. तो तिला धड हो म्हणेना, धड नाहीं म्हणेना. शेवटीं १७३७ च्या मार्चमध्यें त्यानें व डेलामोटनें, आपल्याकडे देवापुढें कौल लावतात तशा, तीन चिठ्ठ्या टाकल्या: लग्न करावें, यंदा विचार करूं नये, पुन्हां कधींच विचार करूं नये. तिसरी चिठ्ठी निघाली. आठवडाभरांतच सोफीनें विल्यमसन नामक तरुणाशीं लग्न लावलें. त्या बिचारीनें तरी किती दिवस वाट पाहावी?

येथपर्यंतची हकीकत केवळ दुःखाची आहे. पुढची मात्र दोषाची. ऑगस्टच्या ७ तारखेस सोफी प्रभुभोजनास आली असतां वेस्लीनें सर्व मंडळीदेखत तिला परत फिरविलें. तिनें आगाऊ सूचना दिली नव्हती व आपल्या अपराधाबद्दल पश्चात्ताप दाखविला नव्हता, हें त्याचें कारण. नियमांत तें बसत होतें. किंबहुना अक्षरशः बसत होतें. परंतु गांवांत एकहि मनुष्य असा नसेल, कीं ज्याला त्या नियमामागें झुरणारा प्रियकर दिसला नाहीं. वेस्लीनें स्वतःशीं लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं. आपण कर्तव्यच करीत आहों अशी त्याची खरोखरच समजूत होती. म्हणूनच तर हा प्रसंग भयंकर आहे.

दुसऱ्याच दिवशीं त्याच्यावर पकडवारंट निघालें. विल्यमसननें हजार पौंडांची भरपाई मागितली. कॉस्टनच्या वजनाखालीं जमलेल्या ४४ पंचांनीं दहा आरोप ठेवले. त्यांतील बारा जणांनीं मात्र हा अन्याय आहे असा उलट अभिप्राय विश्वस्तांकडे धाडला. वेस्लीनें खटला चालवा म्हणून पुनःपुन्हां अर्ज केले, पण तारीख पुढेंच जात राहिली. डिसेंबरच्या २ तारखेस, गांव सोडण्यास मनाई असतांही, सायंप्रार्थना आटोपून तो होडींत बसला.

तेवढ्यावरून तीं दोन वर्षें अगदींच वायां गेलीं असें मात्र नव्हे. परक्या वसाहतकऱ्यांशीं बोलतां यावें म्हणून तो जर्मन, स्पॅनिश व इटालियन शिकला. १७३७ सालीं चार्ल्सटन येथें त्यानें स्तोत्रांचा एक संग्रह छापविला. त्याच्या पुढील साऱ्या कार्याचा पाया जीं छोटीं सत्संगमंडळें, त्यांचाहि प्रयोग त्यानें येथेंच केला. त्याच्या मागोमाग तेथें गेलेला जॉर्ज व्हाइटफील्ड यानें तर त्याच्या कामाची तोंडभर स्तुति लिहून ठेवली आहे. गंमत अशी कीं, १७३८ च्या फेब्रुवारींत वेस्लीचें जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यास लागलें, तेव्हां व्हाइटफील्डचें जहाज निघण्याच्या बेतांत होतें. वेस्लीनें पुन्हां चिठ्ठ्या टाकल्या, आणि त्यानें लंडनला परतावें असा कौल त्याच्याकडे पाठविला. तेवीस वर्षांच्या व्हाइटफील्डनें तो वाचला आणि तो खुशाल जॉर्जियास गेला.

वेस्ली बदलला, पण त्याला वर्षें लागलीं. १७८४ सालीं अमेरिकेसाठीं पाळकांना दीक्षा द्यावयाची वेळ आली, आणि बिशप मिळेना, तेव्हां त्यानें स्वतःच त्यांच्या मस्तकावर हात ठेवले. तत्पूर्वींच, १७४९ सालीं, जॉर्जियाहून बोल्झियसचें एक प्रेमळ पत्र त्याच्या हातीं आलें होतें. वेस्लीनें तें आपल्या रोजनिशींत उतरून घेतलें, आणि याच माणसाला आपण एकदां प्रभूच्या मेजावरून परत फिरविलें होतें, व तेव्हांपासून आपल्याच काठीचे तडाखे आपल्याला बसत आले आहेत, अशी कबुली त्याखालीं लिहून ठेवली. सोफीविषयीं मात्र तशी ओळ आमच्या वाचनांत नाहीं.