फार्नेझे प्रासादाचे छत : अनुकृती, मालकी आणि संवाद

दूतावासांतील कलासंग्रहांविषयी लिहिताना ‘संस्कृतींचा संवाद’ हा शब्दप्रयोग हमखास योजला जातो. परंतु एका देशाची कलाकृती दुसऱ्या देशाच्या भिंतीवर असणे म्हणजे संवाद काय? या प्रश्नाचा विचार आम्ही रोममधील फार्नेझे प्रासादाच्या आधारे करू इच्छितो. इटलीतील फ्रान्सचा दूतावास १८७४ पासून या प्रासादात आहे.

पुढे तिसरा पॉल या नावाने पोप झालेल्या आलेस्सांद्रो फार्नेझे याने सोळाव्या शतकात हा प्रासाद उभारावयास घेतला. सांगाल्लो या वास्तुकाराच्या मृत्यूनंतर, १५४६ मध्ये, बांधकामाची सूत्रे मायकेलअँजेलोकडे आली. मात्र कलेच्या इतिहासात हा प्रासाद विशेष गाजला तो आन्निबाले कार्राच्ची याने १५९७ च्या सुमारास रंगवावयास घेतलेल्या छतामुळे. विषय देवदेवतांच्या प्रणयकथांचा, मध्यभागी बाकस आणि आरिआद्ने यांची मिरवणूक. आणि हे सारे एका कार्डिनलच्या घरात! फार्नेझे घराण्याने जमविलेल्या प्राचीन शिल्पांचे सान्निध्य चित्रकाराला लाभले होते. त्यामुळे येथील पहिला संवाद दोन देशांचा नसून दोन काळांचा, प्राचीन रोम आणि नवे रोम यांचा आहे.

फ्रान्स या संवादात शिरला तो अनुकृतीच्या वाटेने. चौदाव्या लुईच्या राजवटीत, १६६६ मध्ये, रोम येथे फ्रेंच कला अकादमी स्थापन झाली. तेथील विद्यार्थ्यांनी या छतचित्रांच्या प्रती केल्या आणि त्या पॅरिसच्या तुइलरी राजवाड्यातील एका दालनाच्या छताला लागल्या. त्या दालनाचे नाव ‘राजदूतांचे दालन’! परदेशी वकिलांनी वर पाहावे आणि रोमचे वैभव आता पॅरिसला आले आहे असे समजावे, हा त्यातील आशय लपून राहत नाही. अनुकृतीत आदर असतो, तसाच हक्क सांगण्याचा प्रयत्नही असतो. भाषांतराचा इतिहास शिकविणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको.

१८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या उठावात तुइलरी जळाला. त्यानंतर तिसऱ्याच वर्षी फ्रेंच दूतावास मूळ छताखाली राहावयास आला, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. १९११ मध्ये फ्रान्सने हा प्रासाद विकतच घेतला. प्रत गेली, मूळ हाती आले. तथापि मालकी मिळाली म्हणून संवाद घडला, असे आम्हांस वाटत नाही.

१९३६ मध्ये इटलीने प्रासाद परत घेतला आणि ९९ वर्षांच्या करारावर, नाममात्र भाड्याने, फ्रान्सलाच राहावयास दिला. त्याच्या बदल्यात फ्रान्सने पॅरिसमधील एक जुना प्रासाद तशाच अटींवर इटलीच्या दूतावासासाठी दिला. दोघेही एकमेकांच्या घरी भाडेकरू झाले. चारच वर्षांनी, १० जून १९४० रोजी, मुसोलिनीच्या इटलीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. कलेने शांतता राखली, असा भाबडा दावा त्यामुळे करता येत नाही. युद्ध संपल्यावर मात्र दूतावास याच वास्तूत पुन्हा नांदू लागला, हेही तितकेच खरे.

फार्नेझे शिल्पे अठराव्या शतकातच वारसाहक्काने बूर्बों राजांकडे, नेपल्सला गेली होती. डिसेंबर २०१० ते एप्रिल २०११ या काळात प्रासादात भरलेल्या प्रदर्शनासाठी त्यांतील काही परत आली आणि मुदत संपताच पुन्हा आपापल्या संग्रहालयांत गेली. यजमान फ्रान्स, वास्तू इटलीची, शिल्पे नेपल्सची. आणि एरवी दूतावासाच्या बंद दारांआड राहणारे हे वैभव पाहावयास सामान्य प्रेक्षक. तुइलरीच्या छताखाली जे घडू शकले नव्हते ते येथे काही महिने घडले. कोणाही एकाचा पूर्ण ताबा नाही, आणि तरीही जतनाची जबाबदारी आहे, अशा अवस्थेतच ‘संवाद’ या शब्दाला अर्थ येतो. साहित्यातील प्रभाव, ऋण आणि अनुवाद यांची चर्चा करतानाही आपण हीच कसोटी लावून पाहावी, असे आम्हांस वाटते.