खानदेशच्या उठावातील भिल्ल स्त्रिया

खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली १८५७-५८ मध्ये सातपुड्यात झालेल्या उठावातील स्त्रियांचा सहभाग इतिहासलेखनात उपेक्षित राहिला, कारण इंग्रजी दप्तराने या नाईकांना लुटारू ठरविले आणि स्त्रियांना केवळ त्यांचे कुटुंबीय मानले. ११ एप्रिल १८५८ रोजी इंग्रजांशी झालेल्या अंबापाणीच्या लढाईनंतर सुमारे ४०० स्त्रिया बंदिवान झाल्या. एवढ्या स्त्रिया रणभूमीनजीक होत्या, यावरून हा उठाव मूठभर दरोडेखोरांचा नसून संपूर्ण समाजाचा होता, हे स्पष्ट होते. भीमा नाईकांची आई सुरसी मंडलेश्वरच्या तुरुंगात मरण पावली. इतिहासलेखनातील अशी उपेक्षा इतरत्रही दिसते: ऑस्ट्रेलियातील ‘बुशरेंजर’, म्हणजे रानात आश्रय घेणारा दरोडेखोर, कॅप्टन थंडरबोल्ट याची आदिवासी वंशाची सहचरी मेरी अ‍ॅन बग हीदेखील दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. सातपुड्यातील बंदिवान स्त्रियांपैकी सुरसीखेरीज इतरांची नावे इतिहासग्रंथांत क्वचितच आढळतात.